नकारातून उगवलेले रान

आदरणीय ग्रामसभा,



हे पत्र एका गावाला नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला आहे, मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरला आहे, आणि ज्यांचा सामूहिक वनहक्काचा दावा अजून कुठल्याशा समितीच्या कपाटात धूळ खात पडला आहे त्या गावांनाही आहे. गावे निरनिराळी, बोली निराळ्या. पण झाडाखाली किंवा समाजमंदिरात सतरंजी अंथरून बसणाऱ्या तुम्ही सगळीकडे एकच आहात असे मानून मी लिहिते आहे.

सध्या झाडांना जगभर फार भाव आला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनाला वाहिले. भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर उजाड जमीन पुन्हा हिरवी करण्याचा शब्द दिला आहे. पॅरिस कराराच्या वेळी अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जास्तीच्या जंगलात आणि झाडांत साठवण्याचेही कबूल केले. आपल्या राज्याने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. या सगळ्या धामधुमीत खड्डे मोजले जातात, रोपे मोजली जातात, फोटो काढले जातात. तुमचा उल्लेख येतो तो अहवालाच्या शेवटी, ‘लोकसहभाग’ या मथळ्याखाली, चार ओळींत. मला वाटते तुमचे नाव पहिल्या ओळीत हवे. का, तेच सांगायला हे पत्र.

रोप लावायला एक सकाळ पुरते. जंगल परत यायला मात्र ज्या गोष्टी व्हाव्या लागतात, त्यांतल्या बहुतेक ‘न करण्याच्या’ असतात. आग लावायची नाही. कोवळ्या फुटव्यावर कुऱ्हाड घालायची नाही. पहिली काही वर्षे शेळ्या सोडायच्या नाहीत. ठेकेदार म्हणतो म्हणून झुडपे छाटायची नाहीत. असा नकार कोण देऊ शकतो? अनेक गावांचे जंगल सांभाळणारा एकटा वनरक्षक नाही देऊ शकत. तो वणवा लागल्यावर पोहोचतो. तो नकार तुम्हीच देऊ शकता, आणि तोही तुमच्या नकाराला किंमत असेल तरच.

हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात कित्येक दशके सरकारी वृक्षलागवड झाली. तिचा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’ या नियतकालिकात आला. उपग्रहाची चित्रे आणि घरोघरच्या पाहण्या ताडून संशोधकांना दिसले ते असे: जंगलाचे छत जवळजवळ वाढलेच नाही, आणि लोकांना उपयोगी पडणारी रुंद पानांची झाडे मागे पडली. पैसा खर्च झाला, रोपे लागली, नोंदी झाल्या. ज्या माणसांची गुरे त्या डोंगरावर चरतात त्यांना मात्र कुठले झाड हवे हे कुणी विचारले नव्हते.

आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलाचे एक वैशिष्ट्य तुम्हाला माहीत आहे, पण शहरातल्या माझ्यासारख्यांना सांगावे लागते. विदर्भातल्या ज्या टेकड्यांना कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात, त्यांतल्या पुष्कळ टेकड्या जमिनीखाली जिवंत असतात. साग, तेंदू, पळस, धावडा यांचे बुंधे कितीही वेळा तुटले, जळले, खुरटले तरी मुळे तग धरून असतात. पावसाळ्यात फुटवा येतो, हिवाळ्यात शेळी तो खाते, उन्हाळ्यात वणवा उरलेला जाळतो, आणि पुढच्या पावसाळ्यात मूळ पुन्हा जोर लावते. असे वर्षानुवर्षे चालते. ही पाळी कुणी चार-पाच वर्षे मोडली की फुटवे माणसाच्या उंचीचे होतात. मग आगीची आणि दातांची झळ त्यांच्या शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. तिथून पुढे जंगल स्वतःच वाढते. सावली पडते, पालापाचोळा कुजतो, ओल टिकते, पक्षी आणि अस्वले फळे खाऊन बिया टाकून जातात. नर्सरीच्या प्लॅस्टिक पिशवीतल्या रोपाला यातले काहीच मिळालेले नसते. जिथे मुळेही उरली नाहीत तिथे लागवड करावी लागते, हे खरे. पण कुठे मुळे आहेत आणि कुठे नाहीत, हे ठरवण्यासाठी त्या जमिनीवरून रोज चालणारे पाय लागतात.

म्हणूनच पाचगावची गोष्ट मला फार मोठी वाटते. २०१२ मध्ये तुमच्या हाती हजार हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलाचा हक्क आला. त्यानंतर तुम्ही जे ठरवले, ते भल्याभल्या संवर्धन संस्थांनाही ठरवता आले नसते. तुम्ही तेंदूपत्ता तोडणे बंद केले.

याचा अर्थ विदर्भाबाहेरच्या वाचकाला उमगणार नाही, म्हणून जरा थांबते. मे महिन्यात शेतात काम नसते, घरात दाणे संपत आलेले असतात, आणि बियाण्यासाठी पैसा हवा असतो. नेमक्या त्या दोन-तीन आठवड्यांत तेंदूची पाने गोळा करणारी फळी लागते. घरातली सगळी माणसे पहाटे उठून रानात जातात, पाने आणतात, दुपारभर पुडे बांधतात, संध्याकाळी मोजून देतात. हातात रोख पैसा पडतो. जंगलातल्या गावाला एवढी मोठी रोख रक्कम एकदम दुसऱ्या कशातून क्वचितच मिळते. पण बिडीला कोवळे, मोठे, निर्दोष पान लागते. ते यावे म्हणून तेंदूची झुडपे छाटतात आणि जमिनीवर आग फिरवतात. त्या आगीत तेंदूबरोबर शेजारचे सगळे कोवळे रान जाते. छाटून छाटून तेंदूचे झाड कधी मोठे होत नाही, त्याला टेंभरे लागत नाहीत, आणि टेंभरांवर जगणारे पक्षी, प्राणी, गावातली पोरे, सगळ्यांचा घास जातो. पाचगावने हा हिशेब मांडला आणि हातात येणारा पैसा सोडला. त्याऐवजी बांबू नियमाने तोडून विकायचा, असे ठरवले. जंगलाचा एक भाग तर कशालाच हात न लावता राखून ठेवला. आग थांबवायची तर ती लागण्याचे कारण थांबवायला हवे, हे तुम्हाला कुठल्या तज्ज्ञाने शिकवलेले नाही.

प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असे मी म्हणणार नाही. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतःच्या हाती घेऊन मजुरांना पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला मोबदला दिला आहे, आणि तेही मोलाचे काम आहे. मोहाचेही तसेच. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. पण झाडाखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात आणि काडी ओढावी लागत नाही. तेंदू सोडायचा की सांभाळून तोडायचा, मोहाखाली जाळी बांधायची की पाला झाडून एका बाजूला करायचा, हे गावागणिक वेगळे असणार. ठरवण्याचा हक्क मात्र प्रत्येक गावाचा असावा.

पायविहीरबद्दल आता बोलते. तुमची टेकडी २०१२ च्या आधी ज्यांनी पाहिली, ते तिला जंगल म्हणायला धजावत नव्हते. सुमारे १९० हेक्टरांचा हक्क हाती आला तेव्हा त्यावर विकण्याजोगे फारसे काही नव्हते, आणि असे जंगल घेऊन काय करणार असे कुणालाही वाटले असते. तुम्ही कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. रोजगार हमीच्या कामातून चर खोदले, झाडे लावली, राखण केली. मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्या माणसांना स्वतःच्याच टेकडीवर काम मिळाले. मग सीताफळे आली. ती व्यापाऱ्याला मातीमोल देण्याऐवजी तुम्ही ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने पेट्यांत भरली आणि मुंबईच्या बाजारात पाठवली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला. पुरस्काराचे कौतुक आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की तुम्ही उजाड टेकडीवर हक्क मागितला. भरल्या जंगलावर हक्क कुणीही सांगेल.

आणि मेंढा-लेखा. २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावरचा तुमचा सामूहिक हक्क मान्य झाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या गावांना तो मिळाला त्यांत तुम्ही होतात. तरी बांबू विकायला निघालात तर वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या वनकायद्यात बांबू ‘झाड’ होते, २००६ च्या वनहक्क कायद्यात ते गौण वनउपज. या दोन कायद्यांच्या ओढाताणीत तुमचा बांबू अडकला. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश तुमच्या गावी आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. वर्तमानपत्रांनी त्या दिवसाचे फोटो छापले. मात्र तो दिवस येण्याआधी सुमारे दोन तपे तुम्ही केलेले काम फोटोत मावणारे नव्हते. तुमचे देवाजी तोफा, तुमच्याबरोबर काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल आणि तुमच्या अभ्यासगटांनी बसून बसून पाडलेला तो रिवाज: बहुमताने काही ठरवायचे नाही. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचे, पुन्हा बोलायचे, सगळे एकमत होईपर्यंत बोलत राहायचे. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण जंगलाचा नियम मोडायला एकच माणूस आणि एकच काडीपेटी पुरते. मतदानात हरलेला माणूस रागाने रानात गेला, तर ४० जिंकलेली मते ते रान विझवू शकत नाहीत. ज्याचे म्हणणे ऐकले गेले आहे, तो राखणीला येतो.

शेजारच्या नेपाळने हेच फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. १९९३ च्या वनकायद्यानंतर तिथली डोंगराळ जंगले गावोगावच्या वनउपभोक्ता समूहांच्या हाती गेली. १९९२ मध्ये देशाच्या सुमारे २६ टक्के भूभागावर वन होते, ते २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर पोहोचले. तरुण माणसे कामासाठी आखातात आणि मलेशियात गेल्याने जमिनीवरचा भार हलका झाला, हेही त्यामागचे एक कारण आहे, आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. तरीही ज्या डोंगरांवर हिरवळ परतली तिथे बहुतेक ठिकाणी आधी गावाचा कब्जा परतला होता.

आपल्या कायद्याने तो कब्जा कागदावर दिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. कलम ५ तर वन्यजीव, जंगल आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाही देते. म्हणजे जंगल पुन्हा उभे करणे हा तुमचा हक्क आहे, सरकारी योजनेतली मजुरी नव्हे. पण पैशाची वाट अजून दुसरीकडेच जाते. जंगल तोडून धरण, खाण, रस्ता झाला की त्याची भरपाई म्हणून जमा होणारा जो निधी आहे, त्यातले ४७ हजार कोटींहून अधिक रुपये ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ३८०० कोटींहून जास्त आले. तो पैसा प्रामुख्याने वनविभागाच्या आराखड्यांतून खर्च होतो. तुमच्या हक्काच्या जमिनीवर कुणी दुसराच येऊन तारेचे कुंपण घालतो आणि आत एकाच जातीची रोपे लावतो, अशी उदाहरणे ओडिशापासून आपल्यापर्यंत दिसली आहेत. माझी मागणी साधी आहे. ज्या ग्रामसभेने स्वतःचा व्यवस्थापन आराखडा केला असेल, तिच्या जंगलावर खर्च होणारा रुपया तिच्याच खात्यात यावा, तिच्याच ठरावाने खर्च व्हावा, आणि हिशेब तिने भर सभेत वाचून दाखवावा.

हवामान बदलाच्या दृष्टीनेही गावाने राखलेल्या मिश्र रानातच शहाणपण आहे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४७-४८ अंशांवर जातो. पाऊस कधी महिनाभर दडी मारतो, कधी एका रात्रीत कोसळतो. अशा काळात एकाच जातीची, एकाच वयाची झाडे एका किडीने किंवा एका कोरड्या वर्षाने जाऊ शकतात. मिश्र रानात एक हरले तरी दुसरे उभे असते. तरी २०२३ मध्ये आलेल्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेने सुरुवातीला, २०२४ च्या नियमांत, हेक्टरी किमान ११०० झाडे आणि एका झाडाला एक क्रेडिट असा हिशेब मांडला होता. विरळ झाडांच्या, गवताळ माळालाही असे खच्चून भरायचे म्हटले तर त्या गवतावर जगणारी गुरे, काळवीट, तणमोर यांनी जायचे कुठे? गवताखालच्या मातीतही कार्बन असतो.

आता तुमच्याच घरातल्या दोन गोष्टी. स्पष्ट बोलते, राग मानू नका.

पहिली बायकांची. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार सभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका लागतात. कितीतरी गावांत हा आकडा सह्यांपुरता राहतो. पण चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली की पहिली झळ कुणाला बसते? सरपणाची मोळी आणणारीला. तिच्या वाटेवरचा तुकडा बंद झाला तर ती आणखी दोन कोस चालते, कारण गॅसचे सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसतात. कुठला तुकडा बंद करायचा आणि सुकी लाकडे कुठून आणायची, हे तिला विचारल्याशिवाय ठरले तर तो ठराव टिकणार नाही, आणि टिकूही नये.

दुसरी शेळ्यांची आणि शेजारच्या गावाची. शेळी बहुधा भूमिहीनाच्या घरी असते. जंगल बंद करणे त्याला परवडत नाही. त्याच्यासाठी चाऱ्याचा वेगळा तुकडा, कापून नेण्याचे गवत, राखणीच्या कामात मजुरी, असे काही ठरले पाहिजे. शेजारचे गाव, गवळी, हंगामात येणारा धनगर, यांचाही वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो आणि कायदा तोही मानतो. तुमच्या हद्दीचा दगड रोवला की त्यांची वाट तुटते. वनविभागाने तुमच्याशी जे केले, ते तुम्ही त्यांच्याशी करू नये, एवढीच विनंती.

शेवटची बाब तातडीची आहे. कार्बन क्रेडिटचे प्रस्ताव घेऊन माणसे आता खेड्यांपर्यंत येऊ लागली आहेत. तुमच्या जंगलात साठणारा कार्बन कुठल्याशा कंपनीला विकू, तुम्हाला दरवर्षी पैसे मिळतील, असे सांगितले जाते. पैसे मिळूही शकतील. हवा सांभाळणाऱ्याला मोबदला मिळणे न्यायाचेच आहे, म्हणून मी सरसकट विरोध करणार नाही. पण हे करार बहुधा २० ते ४० वर्षांचे असतात. आज सही करणाऱ्यांची नातवंडे त्यात बांधली जातात. शिवाय या बाजारात पैसा मिळतो तो ‘जास्तीच्या’ वाढीचा. प्रकल्प आला नसता तर जे झालेच नसते, तेवढेच मोजले जाते. म्हणजे ज्या ग्रामसभेने ३० वर्षे आपले रान राखले, तिला विकायला थोडेच उरते, आणि ज्या जमिनीची नासाडी झाली तिच्या मालकाला जास्त मिळते. मेंढा-लेखाने राखलेल्या बांबूला या हिशेबात जागा नाही, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते, आणि हवामानाच्या परिषदांत बसणाऱ्यांनी तिचे उत्तर द्यायला हवे.

तोवर तुमच्यापुढे असा कागद आला तर काही प्रश्न भर सभेत विचारा. एकूण विक्रीतला किती वाटा ग्रामसभेचा, आणि किती मधल्या माणसांचा? तो विक्रीच्या किमतीवर ठरणार की ठोक रकमेवर? वणवा लागून जंगल जळाले तर घेतलेले पैसे परत मागणार का? करार चालू असताना मोह, चारोळी, बांबू, चराई यांवर बंधन येणार का? करार मोडायचा असेल तर कसा? भांडण झाले तर ते कुठल्या न्यायालयात चालणार, गडचिरोलीच्या की सिंगापूरच्या? कंपनी आपला हक्क दुसऱ्या कंपनीला विकू शकेल का? उत्तरे तोंडी घेऊ नका. कागद मराठीत मागा, आणि गोंडी, माडिया, कोरकू जी बोली गावात चालते तिच्यात तो बायकांच्या समोर मोठ्याने वाचून घ्या. पहिल्या सभेत सही करू नका. महिनाभर थांबा, अभ्यासगट बसवा, आधी ज्यांनी असा करार केला आहे त्या गावात चार माणसे आणि चार बाया पाठवा. एकालाही पटले नाही तर पुन्हा बसा. आणि शिक्का सचिवाच्या नाही, सभेच्या ताब्यात ठेवा.

आपली स्नेहांकित,
नागपूरची एक लेखिका